दुसऱ्या भागात अडकलीस? सोडू नकोस

सुझान कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स' कादंबरीमालेचा पहिला भाग तीन रात्रींत संपवलास आणि दुसरा, 'कॅचिंग फायर' मात्र चाळिसाव्या पानाशी रेंगाळतंय म्हणतेस. अगं, तिथे पुष्कळ जण रेंगाळतात.

पहिल्या पुस्तकातल्या आखाड्याची, म्हणजे मुलांना मरेपर्यंत एकमेकांशी लढायला लावतात त्या जागेची, चटक लागलेली असते, म्हणून इथेही आपण त्याचीच वाट बघत पानं उलटतो. सगळ्यात मोठी चूक हीच. एकूण 27 प्रकरणं आहेत आणि पहिल्या 9 मध्ये आखाडा येतच नाही. विजययात्रा येते, म्हणजे जिंकलेल्यांचा जिल्ह्याजिल्ह्यांतला दौरा. ती वाचताना नायिका कॅटनिसच्या भाषणांइतकंच समोरच्या गर्दीकडे लक्ष दे. कोण गप्प आहे, कोणाचा हात वर जातोय, शिपाई कुठे उभे आहेत. अकराव्या जिल्ह्याचा प्रसंग तर अगदी सावकाश वाच. मी तो स्वारगेटहून कात्रजला जाताना बसमध्ये वाचला होता. शिट्टीचे ते चार सूर आले आणि पुस्तक मिटून मी कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

बाकी थोडंच:

- पहिल्या भागाची शेवटची दोन प्रकरणं आधी पुन्हा वाच. अध्यक्ष स्नो का चिडलाय, ते तिथेच आहे.
- 2013 चा सिनेमा आत्ता नको. मलपृष्ठावरचा मजकूरही नको.
- उत्तरार्धात नवी नावं भराभर येतात. नाव आणि जिल्हा एका चिठ्ठीवर लिहून ठेव.

प्रतीकं, रोमन संदर्भ वगैरे नंतर बघू. आणि या शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाऊन तिसरा भाग आणून ठेव, कारण हा दुसरा ऐन मोक्याच्या क्षणी संपतो.