खुडूक बँटमखाली अंडी ठेवताना

ताई, कोंबडी खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसू लागलीय, म्हणून लगेच अंडी ठेवू नका. दोन रात्री घरट्यावरून हलत नाही ना, ते बघा. बँटम ही ठेंगणी जात, अंगानं लहान. तिची स्वतःची सात-आठ अंडी पुरेत, मोठ्या गावरानची चारच. जास्त ठेवली की कडेची गार पडतात, माझी तीन अशीच गेली. सातव्या रात्री अंडं टॉर्चवर धरा. कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरला! अंडी ठेवल्यापासून साधारण 21 दिवस ती दिवसातून एखाद्या वेळीच उठेल, दाणापाणी जवळच ठेवा. पिल्लांना पाणी उथळ ताटलीत, खडे घालून द्या. खोल भांड्यात बुडतात बिचारी. पाचव्या ते सातव्या दिवसात लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लशीचा थेंब डोळ्यात घालाच. मानमोडीवर औषध नाही, अख्खं खुराडं रिकामं होतं.