भांडवल नियंत्रणं, म्हणजे देशात पैसा येण्या-जाण्यावरची सरकारी बंधनं, लावली की परदेशी गुंतवणूक आटते का?

सरसकट आटत नाही. बहुतेक वेळा एकूण ओघापेक्षा पैशाचा प्रकार जास्त बदलतो.

चिलीचं उदाहरण बघा. १९९१ मध्ये तिथे नियम आला की बाहेरून आणलेल्या कर्जाचा काही हिस्सा मध्यवर्ती बँकेत बिनव्याजी ठेवायचा. पुढे हा हिस्सा ३० टक्के झाला आणि मुदत एक वर्ष. म्हणजे १०० डॉलर आणले तर ३० वर्षभर अडकले. तीन महिन्यांत दोन देशांच्या व्याजदरांतला फरक कमावून निघून जाणाऱ्याला हे परवडत नाही. दहा वर्षांसाठी येणाऱ्याला मात्र तोच भार वर्षांवर विभागला जाऊन किरकोळ वाटतो. त्यामुळे अल्पमुदतीचा पैसा कमी झाला आणि दीर्घमुदतीचा वाढला. एकूण आवक मात्र फारशी घटली नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. अर्थात पळवाटा निघतातच आणि नियम सतत दुरुस्त करावे लागतात. शिवाय छोट्या कंपन्यांना कर्ज महाग पडतं. ही किंमत चर्चेत फार कमी येते, याचं मला वाईट वाटतं.

पैसा बाहेर जाण्यावरची बंदी जास्त जोखमीची. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये शेअर बाजारातला परदेशी पैसा वर्षभरासाठी रोखला, पण फेब्रुवारी १९९९ मध्येच त्याऐवजी कर लावला. आइसलँडने २००८ मध्ये तात्पुरती म्हणून लावलेली बंधनं बहुतांशी उठायला २०१७ उजाडलं. परतीचा रस्ता बंद होऊ शकतो असं दिसलं, की नवा गुंतवणूकदार आधीच जास्त परतावा मागतो.