जग वाढवायचंय, पण कुणाचं?

प्रश्न : मॅडम, मी बारावी विज्ञानला आहे. दहावीच्या सुट्टीत ‘द अ‍ॅनिमॅट्रिक्स’ पाहिलं आणि वेड लागलं. एकाच ‘मॅट्रिक्स’च्या जगातल्या नऊ गोष्टी, प्रत्येक वेगळ्या हाताने काढलेली. तेव्हापासून मी एक वही लिहितेय. १४० पानं झाली. यंत्रांच्या शहराचा इतिहास, नकाशे, जहाजांची यादी, युद्धांच्या तारखा. मला असंच काम करायचंय, मोठ्या विज्ञानकथेचं जग वाढवण्याचं. त्यासाठी कोणता कोर्स करू? चित्रं बरी काढते. गणितही आवडतं. आई म्हणते, हा छंद आहे, नोकरी नाही. आणि एआय आल्यावर अ‍ॅनिमेशनमध्ये माणसं लागणार तरी आहेत का? सोबत वहीतल्या काही पानांचे फोटो पाठवतेय. (नाव छापू नये.)

उत्तर :

तू पाठवलेली पानं मी दोनदा वाचली. एकदा मार्गदर्शक म्हणून आणि एकदा, खरं सांगते, मजा आली म्हणून. तुझ्या वहीबद्दल बोलायचंच आहे, पण आधी तुझ्या आवडत्या कलाकृतीकडे जरा वेगळ्या बाजूने बघू. प्रेक्षक म्हणून तू ती कितीदा पाहिलीस कोण जाणे. आता कामाला लागू इच्छिणारी मुलगी म्हणून तिची श्रेयनामावली वाच.

‘द अ‍ॅनिमॅट्रिक्स’ हा अ‍ॅनिमेशन लघुपटांचा संच २००३ मध्ये आला. मूळ चित्रपट ‘द मॅट्रिक्स’ १९९९ चा, वाचोव्स्की भावंडांचा; यंत्रांनी माणसांना झोपवून एका खोट्या, संगणकी जगात ठेवलंय, हे त्याचं सूत्र. नऊ लघुपटांपैकी चारांची कथा या भावंडांनी स्वतः लिहिली आणि पाच बाहेरच्या दिग्दर्शकांच्या लेखणीवर सोडले. कोणते चार स्वतःकडे ठेवले ते बघ. यंत्रं आणि माणसं यांच्यात युद्ध का पेटलं, हे सांगणारे ‘द सेकंड रेनेसान्स’चे दोन भाग. पुढच्या चित्रपटात जे पात्र दिसणार होतं त्या मुलाची गोष्ट. आणि ‘फायनल फ्लाइट ऑफ द ओसायरिस’, ज्यात एक मुलगी जिवावर उदार होऊन एक पाकीट टपालपेटीत टाकते. तो निरोप पुढे ‘मॅट्रिक्स’च्याच व्हिडिओ गेममध्ये हाती लागतो आणि २००३ च्याच दुसऱ्या चित्रपटात सगळे त्याच्यावर चर्चा करत बसलेले असतात. म्हणजे इतिहास, तारखा, कथेचे सांधे हे सगळं मालकांनी आपल्या मुठीत ठेवलं.

बाहेरच्यांना काय दिलं? मांजर शोधायला निघालेली एक मुलगी आणि जिथे गुरुत्वाकर्षणाचे नियम बिघडलेत असं पडकं घर. काळ्या-पांढऱ्या रंगातला एक थकलेला गुप्तहेर. तालमीतली एक लढत. एका यंत्राचं मन वळवू पाहणारी माणसं. शंभर मीटर धावणारा एक खेळाडू.

तुझी १४० पानं नेमकी त्या जातीची आहेत जी मालक कुणाला देत नाहीत. हे वाचून वाईट वाटेल, वाटू दे. पण ‘जग वाढवणारी’ अशी पाटी लावलेली खुर्ची कुठल्या स्टुडिओत नवख्यांसाठी रिकामी नसते. मोठ्या मालिकांकडे कथासूत्र सांभाळणारी मोजकी माणसं असतात खरी, पण तिथे माणूस दुसरं काहीतरी करत करत पोचतो. शिवाय न मागवलेली कथा स्टुडिओ बहुधा उघडूनही बघत नाहीत. उद्या कुणी ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून दारात उभं राहायला नको, हे त्यामागचं साधं कारण.

आता त्या धावपटूच्या गोष्टीवर थांबू, कारण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ची कथा योशिआकी कावाजिरींनी लिहिली आणि दिग्दर्शन ताकेशी कोइके यांनी केलं. कोइके त्याआधी कावाजिरींच्याच चित्रपटांत अ‍ॅनिमेटर म्हणून काम करत होते, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या शॉटमध्ये चित्रं काढत होते. लघुपटाच्या गाभ्याशी काय आहे? एक माणूस इतक्या जोरात धावतो की स्नायू फाटतात, आणि त्या वेदनेच्या टोकाला क्षणभर त्याला जाग येते, आपण खोट्या जगात झोपलेलो आहोत हे दिसतं. बस. ना नकाशा, ना वंशावळ. मूळ चित्रपटात जागं होण्यासाठी गोळी घ्यावी लागते, निवड करावी लागते. इथे शरीरच बंड करतं. जग वाढलं ते इथे, एका नव्या प्रश्नाने. आणि तो प्रश्न कागदावर लिहिलेला नाही, तो मांडीच्या स्नायूच्या रेषेत आहे. काळ्याकुट्ट सावल्या, ताणून विचित्र केलेली शरीरं, काही सेकंदांची शर्यत मिनिटांवर ओढलेली. ती रेषा दुसऱ्या कुणाला जमली नसती, म्हणून कोइके. त्याच हाताने पुढे ‘रेडलाइन’ हा चित्रपट केला, २००९ चा. सात वर्षं आणि सुमारे १ लाख हाताने काढलेली चित्रं. (आईला हा आकडा सांगू नकोस, निदान आज तरी.)

बाकीच्यांचंही तेच. यंत्राचं मन वळवण्याच्या गोष्टीसाठी पीटर चंग यांना बोलावलं तेव्हा ‘ईऑन फ्लक्स’ ही अ‍ॅनिमेशन मालिका त्यांच्या नावावर होती. गुप्तहेराची गोष्ट करणारे शिनइचिरो वातानाबे यांच्या नावावर ‘काउबॉय बीबॉप’ ही मालिका होती, आणि २०१७ मध्ये ‘ब्लेड रनर’ या विज्ञानपटाच्या जगासाठी लघुपट करायचं ठरलं तेव्हा पुन्हा त्यांनाच हाक गेली. यातल्या कुणीही दुसऱ्याच्या जगाची वही घेऊन दार ठोठावलं नव्हतं. स्वतःचं काही केलं, ते कुणाला तरी आवडलं, मग मोठ्या जगाची किल्ली हातात आली.

‘हे सगळं जपान-अमेरिकेत’ असं म्हणशील. मग ‘स्टार वॉर्स’च्या जगातल्या लघुपटांची ‘स्टार वॉर्स : व्हिजन्स’ ही मालिका बघ. तिचा पहिला संच २०२१ मध्ये आला, नऊ लघुपट, सात जपानी स्टुडिओ. २०२३ च्या दुसऱ्या संचात आयर्लंड, चिली, दक्षिण आफ्रिका असे वेगवेगळ्या देशांतले स्टुडिओ होते. त्यांतला ‘द बँडिट्स ऑफ गोलाक’ मुंबईच्या एटीएट पिक्चर्सने केला, दिग्दर्शक ईशान शुक्ला. आगगाडीतून पळणाऱ्या भावाबहिणीची गोष्ट. या लघुपटांना मूळ मालिकेच्या कालक्रमात चपखल बसण्याची सक्ती नव्हती. मालकांना तारखा पाठ असलेला माणूस नको होता, त्यांना स्वतःला सुचलं नसतं असं काहीतरी हवं होतं.

आता आईंचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेणार नाही. ‘ओसायरिस’ ज्या स्टुडिओने केला तो होनोलुलूचा, ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ हा २००१ चा चित्रपट बनवणारा. तो चित्रपट तोट्यात गेला आणि स्टुडिओच बंद झाला. या धंद्यात काम प्रकल्पावर चालतं, प्रकल्प संपला की माणसं पांगतात. पण ‘ओसायरिस’चे दिग्दर्शक अँडी जोन्स यांचं पुढे काय झालं तेही आईंना सांग. ते ‘अवतार’ आणि ‘द जंगल बुक’च्या अ‍ॅनिमेशनवर होते आणि दोन्हींसाठी दृश्य परिणामांच्या ऑस्करमध्ये त्यांचा वाटा आहे. स्टुडिओ बुडाला, हातातलं काम बुडालं नाही.

म्हणून कोर्सचं नाव नंतर, आधी हात कोणता ते ठरव. तुला चित्र आणि गणित दोन्ही आवडतात, हे तू एका ओळीत उरकलंस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. चित्राकडचा रस्ता स्टोरीबोर्ड (गोष्टीचा चित्रांतला आराखडा), लेआउट (दृश्याची मांडणी) आणि ‘की-अ‍ॅनिमेशन’ (हालचालीतली मुख्य चित्रं काढणं) असा जातो. गणिताकडचा रस्ता रिगिंग, म्हणजे पात्राच्या आत हलणारा सांगाडा बसवणं, आणि पाणी, धूर, कापड यांचं सिम्युलेशन, म्हणजे त्यांची हालचाल संगणकावर गणिताने घडवणं. दुसऱ्या रस्त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी उत्तम चालते, म्हणजे तू आणि आई एकाच गाडीत बसू शकता. पहिल्यासाठी डिझाइनची पदवी घे, पण अभ्यासक्रम बघताना माहितीपत्रक बाजूला ठेव आणि तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे लघुपट बघ. ते कंटाळवाणे असतील तर इमारत कितीही चकचकीत असो, पुढे चल.

कुठला हात आपला हे घरबसल्या कळतं. दहा सेकंदांचं एक दृश्य कर. सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलंस तर १२० चित्रं, तीन फ्रेम धरलंस तर ८०. कागदावर कर किंवा ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, ते फुकट मिळतं. चाळिसाव्या चित्राला कंटाळा येईलच, सगळ्यांना येतो. तेव्हा तू काय करतेस ते बघ. रेषा सुधारत बसलीस तर एक रस्ता, आणि ‘हे आपोआप कसं करता येईल’ म्हणून गुगल उघडलंस तर दुसरा.

एआयबद्दल थोडक्यात. दोन चित्रांमधली चित्रं भरणं, रेषा स्वच्छ करणं, रंग भरणं या कामांवर दाब येतोय, आणि नवखी मुलं आजवर तिथूनच शिरत होती, म्हणून काळजी खोटी नाही. पण त्या धावपटूची मांडी कुठल्या फ्रेमला फाटायची हे ठरवणं म्हणजे दिग्दर्शन, आणि ते शिकायला तुला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामाच्या संग्रहात, ती वही ठेवू नकोस. फॅन-आर्टचं, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर काढलेल्या चित्रांचं, एखादं पान चालेल, पण बाकी सगळं तुझं हवं.

आणि हो, वहीच्या एकसष्टाव्या पानाच्या कोपऱ्यात, दोन युद्धांच्या तारखांमध्ये, तू दोन ओळी लिहून सोडून दिल्यास : ‘झोपलेल्या माणसांची रोज रात्री मोजणी होते. रोज एक माणूस जास्त भरतो.’ बाकी १३९ पानं कपाटात ठेव. यातून ‘मॅट्रिक्स’ हा शब्द काढून टाक, यंत्रांचं शहर काढून टाक, तरी गोष्ट उभी राहते. तीन मिनिटांपेक्षा मोठी करू नकोस. पण मोजणी करणारं कोण आहे, यंत्र की माणूस, हे तू लिहिलेलं नाहीस. ते आधी ठरव, मग स्टोरीबोर्ड मला पाठव.