वाचकांचे प्रश्न : कुलूप लावलेलं घर, भाड्याचं घर, स्वतःचं घर

प्रश्न : पुण्यात कर्वेनगरला आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून तो बंदच आहे. मी साताऱ्याला सासरच्या घरी असते, मुलगा हैदराबादला. त्याच सोसायटीतल्या माझ्या मैत्रिणीनं तिघी नर्स मुली सुचवल्या आहेत. मिळून चोवीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट द्यायला त्या तयार आहेत. पण धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, एकदा भाडेकरू घुसला की निघत नाही." सासऱ्यांच्या वाड्यातला भाडेकरू पंचेचाळीस वर्षं राहिला, महिना अठरा रुपयांवर. शेवटी त्यालाच पैसे देऊन उठवावं लागलं. शिवाय ह्यांचं कपाट अजून तिथंच आहे. काय करू?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते शेवटच्या ओळीसाठी. त्या कपाटाकडे नंतर येते.

दिरांची भीती खोटी नाही. तुमच्या घरानं ती भोगलेली आहे. पण ती ज्या कायद्यातून आली तो कायदा आता नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली आणि भाडेकरूला जवळजवळ हलवता येईना. पुढे लोकांनी वाट काढली, की भाडेकरू ठेवायचा नाही, नुसती राहायची परवानगी द्यायची. तर १ फेब्रुवारी १९७३ ला जे असे परवानगीवर राहत होते त्यांनाही कायद्यानं भाडेकरू ठरवलं. त्या एका तारखेनं महाराष्ट्रातल्या घरमालकांच्या दोन पिढ्या घाबरवून ठेवल्या. मी एकतीस वर्षं दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदवण्याच्या, कचेरीत नोकरी केली. टेबलापलीकडे बसलेल्या किती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ही भीती ऐकली, त्याची मोजदाद नाही.

३१ मार्च २००० पासून आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. तुम्ही करणार तो करार लिव्ह अँड लायसन्सचा. त्यात त्या मुलींना ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही. मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि घर रिकामं होईपर्यंत दुप्पट भाडं भरपाई म्हणून मागता येतं. बारा वर्षं राहिलं की घर राहणाऱ्याचं होतं, हेही दिरांनी ऐकलेलं असणार. तो नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, त्याला न जुमानता बळकावलेल्या ताब्याचा आहे. तुमच्या परवानगीनं आणि तुमच्याशी केलेल्या करारावर राहणाऱ्याला तो लागत नाही.

मात्र हे सगळं करार नोंदवलेला असेल तरच कामाला येतं. इथं मी हात जोडून सांगते. एक आजोबा आमच्याकडे आले होते. साबुदाण्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेला शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर, त्यावर नोटरीचा शिक्का. अकरा महिन्यांचा करार, कधीच संपलेला, नवा केलेला नाही. राहणारा म्हणत होता की भाडं नऊ हजार ठरलं, आजोबा म्हणत होते चौदा. याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं मानलं जातं, उलट सिद्ध होत नाही तोवर. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत घराघरात आहे. महाराष्ट्रात ती चूक आहे. आजोबा कागदाची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते. त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मला आजही बोचतं.

आणि खर्च काय येतो? तुमचाच हिशेब करू. चोवीस महिन्यांचा करार, दुसऱ्या वर्षी पाच टक्के वाढ. दोन वर्षांचं भाडं ५,९०,४०० रुपये. एक लाख डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, त्याचे दोन वर्षांचे वीस हजार. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण पंधरा-सोळाशे रुपये. नोंदणी फी शहरात हजार. एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो, त्याचे पैसे वेगळे. कचेरीत रांग लावायची गरज नाही, ऑनलाइन होतं. तिघींचीही नावं करारात घाला, तिघींचेही अंगठे घ्या. एकीच्या नावावर करार आणि राहणाऱ्या तिघी, असं करू नका. पोलीस ठाण्याला भाडेकरूंची माहिती द्यायची असते, तीही ऑनलाइन देता येते. सोसायटीची परवानगी मागावी लागत नाही. कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, घर भाड्यानं दिलं की ती जाते. तेवढं भाडं ठरवताना धरा. आणि भाडं हे तुमच्या पेन्शनमध्ये मिळवून दाखवावं लागेल. भरलेला मिळकतकर वजा जाता जे उरेल त्यातून तीस टक्के सरळ वजावट मिळते. समजा वर्षाचं भाडं २,८८,००० आणि कर १३,०००, तर २,७५,००० मधून ८२,५०० जातील आणि १,९२,५०० हे तुमचं उत्पन्न धरलं जाईल. भाडं बँकेतूनच घ्या.

आता मुलींबद्दल. एकट्या मुलींना घर नको, असं सोसायटीत कुणीतरी म्हणेलच. १९८४ साली मी नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. पुण्यात खोली शोधत होते. एका पेठेतल्या घरी बाईंनी मला चहा दिला, खोली दाखवली, खिडकीतून चिंचेचं झाड दिसत होतं. मग विचारलं, "लग्न कधी करणार?" ठरलं नाही म्हटल्यावर खोली आधीच दिली आहे म्हणाल्या. अशी सात घरं मी फिरले. आठव्या घरी एका म्हाताऱ्या जोडप्यानं फक्त एवढंच विचारलं, की पाणी पहाटे साडेपाचला येतं, उठशील ना? तिथं मी सहा वर्षं राहिले. तिन्ही पाळ्यांत ड्यूटी करून येणाऱ्या मुलींना रात्री उघडायला एक दार हवं असतं, बाई. त्या तिघींना एकदा साताऱ्याला बोलवा किंवा तुम्ही पुण्याला जा. समोर बसून बोला. ओळखपत्रं बघा, नोकरीची पत्रं बघा आणि मग द्या.

कारण बंद घर जपलं जात नाही. माझ्या नणंदेचा नाशिकचा फ्लॅट आम्ही चार पावसाळ्यांनी उघडला. बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटून गेलेलं. ते पाणीच खालचा वास अडवतं, त्यामुळे सबंध घरभर गटाराचा वास. दाराची चौकट फुगलेली, गादीला काळे ठिपके, स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला वाळवी. दुरुस्तीला दीड लाख लागले. मेंटेनन्स तर चारही वर्षं भरतच होतो. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली. त्याच शहरांत लोक एका खोलीत सहा-सहा जण राहतात. हे मला बघवत नाही.

राहिलं कपाट. ते तिथं ठेवून खोलीला कुलूप लावायचं आणि बाकीचं घर द्यायचं, असंही करारात लिहिता येतं. पण तसं करू नका. मुलाला चार दिवस बोलवा. दोघं मिळून कपाट उघडा. जे ठेवायचं ते साताऱ्याला आणा, कपाटसुद्धा. टेम्पो सकाळी निघाला तर दुपारपर्यंत पोचतो. त्या चार दिवसांत घराला रंगही लावून होईल. घाई नाही, मुली महिनाभर थांबतील का ते मैत्रिणीला विचारून घ्या.

प्रश्न : मी डोंबिवलीतला फ्लॅट भाड्यानं दिला आहे. सोसायटीचे सेवाशुल्क २,२०० रुपये आहे. भाडेकरू आहे म्हणून कमिटी दरमहा २,००० रुपये जादा मागते. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे हे ना-वापर शुल्क (सभासद स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मोजताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. तुमच्या बाबतीत २२० रुपये. आई-वडील, मुलं, भावंडं असं जवळचं कुणी राहत असेल तर तेही नाही. आधी सचिवांना आदेशाचा उल्लेख करून लेखी पत्र द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. भाडेकरूकडून हे पैसे काढू नका. हे शुल्क सभासदाचं आहे.

प्रश्न : आम्ही दोघं वाकडला २४,००० भाड्यानं राहतो. दोघांचा मिळून हातात पगार १,१५,०००. मार्चमध्ये बाळ येणार आहे. दोन्हीकडचे आई-वडील म्हणतात, भाड्यात पैसे घालवू नका, हप्ता तरी भरा. ८५ लाखांचा तयार फ्लॅट बघितला आहे. पीएफ आणि थोडं सोनं धरून वीस लाख जमतील. घ्यावा का?
— एक दांपत्य, पिंपरी-चिंचवड

उत्तर : आत्ता नको. कारण सांगते.

एवढ्या किमतीला बँक साधारण ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ६८ लाख. उरलेले १७ लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ५ लाख ९५ हजार, आणि नोंदणीचे तीस हजार. हे कर्जात बसत नाहीत. एकूण सव्वातेवीस लाख हवेत, तुमच्याकडे वीस आहेत, तेही पीएफ आणि अंगावरचं सोनं मोडून. (फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. हे पुढे लक्षात ठेवा.)

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ५९,००० येईल. आई-वडील म्हणतात की भाडं वाया जातं. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ४८ हजारांहून जास्त व्याजात जातील आणि कर्ज जेमतेम अकरा हजारांनी कमी होईल. ते व्याजही परत येत नाही, पण ही गोष्ट घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. तुम्ही आज वर्षाला २ लाख ८८ हजार भाडं देता, म्हणजे ८५ लाखांच्या घराच्या साडेतीन टक्क्यांच्याही आत. या भावात भाड्यानं राहणं हा तोटा नाही. घर घेतलंत तर हप्त्यात मेंटेनन्स धरला की घरात येणाऱ्या पैशातला निम्म्याहून जास्त घरातच जाईल, तेही नेमकं बाळंतपणाच्या वर्षी, जेव्हा एक पगार थांबू शकतो.

मग काय करायचं? या महिन्यापासून हप्ता भरताय असं समजून वागा. ५९ मधून भाड्याचे २४ वजा केले की ३५ हजार राहतात. ते दरमहा वेगळ्या खात्यात आवर्ती ठेवीत टाका. अठरा महिन्यांत सहा लाख तीस हजार आणि वर व्याज. कमी पडणारे सव्वातीन लाख भरून निघतील, सोनं वाचेल. आणि अठरा महिने हे जमलं तर वीस वर्षं जमेल का, याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल. चौथ्या महिन्यातच ओढाताण झाली तर समजा की ८५ लाखांचं घर तुमचं नाही, साठचं शोधा.

भाड्याच्या घराचा खरा त्रास पैशाचा नसतो, अस्थिरतेचा असतो. माझ्या मुलीनं चौथीपर्यंत तीन शाळा बदलल्या, कारण दर अकरा महिन्यांनी सामान बांधायची वेळ यायची. तिसऱ्या शाळेत पहिले पंधरा दिवस ती डबा न खाता परत आणायची, पोळी तशीच घडी घातलेली. म्हणून मी चव्वेचाळीसाव्या वर्षी, झेपेल तेवढं लहान, वन बीएचके घेतलं आणि ते घेतल्याचा मला आजही आनंद आहे. तुमच्या सध्याच्या मालकांशी बोला. छत्तीस महिन्यांचा करार मागा, दर वर्षी पाच टक्के वाढ कबूल करा, आणि त्या काळात दोन्ही बाजूंनी सोडायचं नाही असं कलम घाला. तीन वर्षांचा करार नोंदवायला फार जास्त लागत नाही. बहुतेक मालकांना चांगला भाडेकरू टिकलेला हवाच असतो.

डिपॉझिट परत मिळण्याची मुदत आणि रंगाचा खर्च कुणाचा, हे त्यात लिहून घ्या. घरातल्या नळांचे, गीझरचे, भिंतींचे फोटो काढून दोघांनी सह्या करा. आणि मार्चमध्ये बाळ आलं की मला जरूर कळवा.