वाचकांचे प्रश्न : विश्वचषकाची वाट आशियातून जाते

प्रश्न : मी मंगळवार पेठेत राहतो. तरुणपणी शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघाकडून खेळलो आहे. माझी चौदा वर्षांची नात शाळेच्या संघात बचावफळीत खेळते. परवा ओट्यावर बसून बुटांच्या खिळ्यांतला चिखल काडीने काढता काढता तिने विचारले, ‘आजोबा, आपल्या मुली वर्ल्ड कपला का नसतात?’ ‘आपला संघ कधी पुढे गेलाच नाही,’ असे सांगून मी मोकळा झालो. माझे उत्तर बरोबर होते का? शिवाय महिलांचा सामना कमी वेळाचा आणि चेंडू लहान असतो, असे तालमीतले एक मित्र छातीठोकपणे सांगतात. ते खरे आहे काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपले उत्तर अर्धेच बरोबर आहे. महिलांच्या विश्वचषकाच्या मुख्य फेरीत भारत आजवर खेळलेला नाही, हे खरे. परंतु १९७९ मध्ये कालिकतला आणि १९८३ मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई चषकाच्या स्पर्धांत आपल्या महिला उपविजेत्या ठरल्या होत्या. पहिल्या वेळी चायनीज तैपेईने (म्हणजे तैवानच्या संघाने) आणि दुसऱ्या वेळी थायलंडने आपल्याला अंतिम सामन्यात हरवले. अर्थात, त्या काळी मोजकेच संघ उतरत आणि चीन त्यांत नव्हता. तो १९८६ मध्ये आला आणि तेव्हापासून १९९९ पर्यंतच्या सातही स्पर्धा त्यानेच जिंकल्या. विश्वचषक सुरू झाला तो १९९१ मध्ये, चीनमध्येच, आणि तेव्हा संघ होते अवघे १२. म्हणजे आपण आशियात वरच्या जागी होतो तेव्हा विश्वचषकच नव्हता, आणि तो आला तोवर आपण मागे पडलो होतो.

विश्वचषकाला जायचे तर आशियाई खंडातील देशाला आशियाई चषकातूनच जावे लागते, हे नातीला आवर्जून सांगावे. त्या स्पर्धेत १२ संघ असतात. ब्राझीलमध्ये होणाऱ्या २०२७ च्या विश्वचषकासाठी ठरलेल्या नियमानुसार त्यांतील उपांत्य फेरी गाठणाऱ्या चार संघांना थेट प्रवेश आहे. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चार संघांत आणखी दोन सामने होऊन त्यांतील विजेतेही जातात, आणि हरलेल्या दोघांना इतर खंडांच्या संघांशी खेळून शेवटची संधी मिळते.

२०२२ ची आशियाई चषक स्पर्धा आपल्याच दारी होती. सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाले. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता. इराणशी ०-० अशी बरोबरी झाली आणि २३ जानेवारीच्या रविवारी चायनीज तैपेईशी गाठ होती. मात्र संघात कोविड पसरल्याने नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. संघाने माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि आधीची बरोबरीही हिशेबातून पुसली गेली. घरच्या मैदानावर न खेळता बाहेर पडणे यापेक्षा ०-५ ने हरणे बरे, असे आम्हांला तेव्हा वाटले होते आणि आजही वाटते.

म्हणूनच ५ जुलै २०२५ चा, थायलंडमधील चियांग माई येथील पात्रता फेरीचा सामना आम्ही मोठा मानतो. गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि समोर यजमान थायलंड होते, जे २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेले. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले, भारत २-१ ने जिंकला आणि २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकाला पात्र ठरला. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जाण्याची ही आपली पहिलीच वेळ.

दक्षिण आशियाई देशांच्या महिला फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : २०१० पासूनची पहिली पाचही विजेतेपदे आपली होती, २०२२ आणि २०२४ मध्ये मात्र बांगलादेशाने बाजी मारली.

आता तालमीतील मित्रांविषयी. १९९१ चे विश्वचषक सामने ८० मिनिटांचे होते, तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे ग्राह्य धरू. आज मात्र सामना ९० मिनिटांचाच असतो, गोलपोस्ट पुरुषांइतकाच ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो, आणि चेंडू पाच नंबरचा. चार नंबरचा चेंडू लहान मुलामुलींसाठी असतो. आपली नात चौदा वर्षांची आहे, तेव्हा घरी सरावासाठी तिला पाच नंबरचाच आणून द्यावा.