गॅस तीनदा भरला, कॉम्प्रेसर बदलला, तरी एसीतून गरम हवा! गॅरेजकडून पैसे परत मिळतील का?

प्रश्न : माझ्या गाडीच्या एसीतून गरम हवा येऊ लागली म्हणून गॅरेजने आठ महिन्यांत तीनदा गॅस भरला. दर वेळी महिना-दीड महिना थंडावा टिकला. चौथ्या वेळी ‘कॉम्प्रेसर गेलाय’ म्हणून तो, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बदलला. तीन आठवड्यांत पुन्हा गरम हवा! दुसऱ्या मेकॅनिकने कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस थंड करणारा पुढचा भाग, गळत असल्याचं दाखवलं. पहिलं गॅरेज म्हणतं, तो आत्ता फुटला, आमचा संबंध नाही. शेवटच्या बिलातले निम्मे पैसे मी अजून दिलेले नाहीत. उद्या कंडेन्सर बदलून घेतो आणि मग केस करतो. चालेल ना?

उत्तर : नमस्कार. उद्या कंडेन्सर बदलू नका. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा या घडीला गाडीच्या पुढच्या जाळीमागे बसवलेला आहे. तो निघाला की उरेल ती फक्त तोंडातोंडी.

दुरुस्तीनंतरही हवा गार झाली नाही, एवढ्यावर गॅरेज दोषी ठरत नाही. गरम हवेची कारणं अनेक असतात आणि मेकॅनिकचा अंदाज प्रामाणिकपणे चुकू शकतो. ग्राहक आयोग बघतो ते हे, की काम करताना जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली का. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे आणि ज्या निष्काळजीपणामुळे ग्राहकाचं नुकसान होतं, तो तिच्यात येतो. तुमची बाजू इथेच भक्कम आहे.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत सील आणि पाइपांतून थोडाफार झिरपतो, हे खरं; पण महिना-दीड महिन्यात थंडावा जात असेल तर कुठेतरी गळती आहे, हे गॅरेजवाल्याला कळायलाच हवं. अशा वेळी नायट्रोजनचा दाब देऊन किंवा चमकणारा रंग (डाय) सोडून गळती शोधतात, व्हॅक्यूम टिकतो का ते बघतात आणि मगच ग्रॅममध्ये मोजून गॅस भरतात. किती भरायचा ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तुमची तिन्ही बिलं आणि जॉब कार्ड काढून बघा. नुसतं ‘एसी गॅस’ लिहिलं असेल आणि गळती तपासल्याची नोंद कुठेच नसेल, तर ती न केलेली तपासणीच तुमची तक्रार आहे.

कॉम्प्रेसरचं थोडं नाजूक आहे. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनाशी जोडणारा भाग) लागूच देत नाही. चांगला कॉम्प्रेसरही मग मेल्यासारखा गप्प बसतो. तसं झालं असेल तर तुमचा धडधाकट भाग काढून टाकला गेला. उलट, तो खरोखरच गेला असेल तर त्यालाही कारण असू शकतं : वंगणाचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस कमी पडला की तेलही पोचत नाही. दोन्हीकडून बोट न शोधलेल्या गळतीकडेच जातं, पण नेमकं काय घडलं हे जुना कॉम्प्रेसर तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तो तुमच्या मालकीचा आहे. ‘जुना देऊन नवा’ असा व्यवहार ठरला नसेल तर आजच लेखी मागा. दिला नाही, तर तुम्ही मागितल्याचा कागद तरी राहील.

आता ‘आत्ता फुटला’ या बचावाबद्दल. कंडेन्सर गाडीच्या तोंडाशीच असतो, त्याला दगड लागतो, त्यामुळे हे म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पण ताज्या माराची जागा बहुधा लखलखीत दिसते. जुन्या गळतीत तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट, चिकट थर जमतो. जवळून, उजेडात त्याचे फोटो आणि व्हिडिओ घ्या. मूळ फाइल फोनमधून काढू नका. तोवर गाडी पुढून धुऊ नका. दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं तारीख, किलोमीटर आणि सहीसह कागदावर घ्या.

मग पहिल्या गॅरेजला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : गाडी अमुक दिवशी अमुक ठिकाणी आहे, तुमचा माणूस पाठवून समक्ष पाहणी करा, नाहीतर त्यानंतर मी दुरुस्ती करून घेईन. सात दिवस पुरेत. पाहणी त्यांच्या गॅरेजमध्ये मात्र ठेवू नका. कष्टाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने कारागिराला दिला आहे. गाडी तुमच्या ताब्यात आल्यावर तो उरत नाही, पण बिलाची बाकी असताना ती पुन्हा त्यांच्या दारात उभी करून नवा वाद कशाला? बाकी का थांबवली, तेही नोटिशीतच लिहा. गप्प राहिलात तर तुम्हीच बुडवणारे दिसाल.

मागणी मोजकी ठेवा. पहिल्यांदा गॅस भरला ते मी सोडून देईन. कंडेन्सरची किंमतही मागणार नाही, कारण तो त्यांनी फोडलेला नाही. दुसरा-तिसरा गॅस, कॉम्प्रेसर, मजुरी आणि झालेला त्रास एवढं मागा.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, नंतर जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. गाडी धंद्यासाठी असेल तर आधी मला कळवा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला कायद्याने सूट दिली आहे, इतरांना अडचण येते.

सात दिवसांनंतर खुशाल कंडेन्सर बदला. जुना मात्र भंगारात जाऊ देऊ नका. पिशवीत बांधून, वर तारीख लिहून घरी आणा.