गोव्यातल्या खापरपणजीचे माहेर कसे शोधावे? घरच्या वंशावळीत फक्त पुरुषांचीच नावे आहेत.

आधी श्राद्धाची टिपणे काढा. तर्पणात आई, आजी, पणजीचीही नावे घेतात, म्हणून भटजींच्या वहीत नाव सापडू शकते. पण ते बहुधा सासरचे; लग्नात नाव बदलायची रीत होती ना! माहेरासाठी जुनी भांडी पाहा. आमच्या फोंड्याच्या घरी तांब्याच्या घागरीच्या काठावर, राखेने घासल्यावर, टोचलेल्या अक्षरांत पणजीच्या वडिलांचे नाव दिसले. मी कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत होते. मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरू घराण्यांची नावे नोंदवणाऱ्या तिथल्या भटजींच्या, वह्या पाहा. नवऱ्यामागे पोर्तुगीज कायद्याने इन्व्हेंटरी, म्हणजे मृताच्या मालमत्तेची आणि वारसांची कोर्टातली नोंद, झाली असेल, तर तीत विधवेचे आणि मुलांचे नाव मिळेल. जुन्या दस्तांसाठी पणजी शहरातले पुराभिलेख खाते गाठा. घरातले मोडी कागद मात्र वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका.